ओतीव काचेचं शिल्प शिकायचंय? मग गणपतीच्या कारखान्यात जा

सांगलीत राहून काचेची शिल्पं करते म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: नळीनं फुंकता का? थोडं वयस्कर कुणी असेल तर ओगलेवाडी निघते. कराडजवळचा तो कारखाना 1916 सालचा, प्रभाकर कंदिलाचा. पण कंदिलाची काच पोकळ, माझं काम भरीव. साच्यात काचेचे तुकडे भरायचे, साचा भट्टीत ठेवायचा, साधारण 800 ते 850 अंशांना काच पाघळून साचा भरते.

या वाटेला येऊ पाहणारी मुलं भट्टीची किंमत विचारतात, नाहीतर परदेशी कोर्सची फी. मी उलट विचारते, कधी साचा काढलाय का? कारण निम्म्याहून जास्त वेळ काचेला हातच लागत नाही. मातीत काम घडवायचं, त्यावरून रबरी साचा घ्यायचा, त्यात मेण ओतून प्रत काढायची. प्रतीभोवती प्लास्टर आणि सिलिका पावडर, वजनानं निम्मं-निम्मं, पाण्यात कालवून ओतायचं. घट्ट झालं की वाफ देऊन मेण काढायचं. उरली ती काचेची जागा.

माती आणि रबरी साचा मी मूर्तिकारांकडे शिकले. कला महाविद्यालयानं नजर दिली, पण कुठला कोपरा साच्यात अडकेल हे गणपतीच्या सीझनला चार महिने राबल्यावरच हाताला कळतं. मेणाचं काम पितळ ओतणाऱ्यांकडे बघा. चांगलं प्लास्टर हवं असेल तर मिरजेत दातांच्या डॉक्टरांना माल पुरवणाऱ्या दुकानात विचारा.

काच किती लागेल? मेणाची प्रत काठोकाठ भरलेल्या पाण्यात पूर्ण बुडवा. सांडलेलं पाणी जितके मिलिलिटर, त्याच्या अडीचपट ग्रॅम काच. शिसं असलेली क्रिस्टल काच जड असते, तिला जास्त धरा. खिडकीची काच, बाटलीची काच एकत्र घालू नका. प्रत्येक काच वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावते, मिसळली की थंड होताना तडकते. सरावाला काचवाल्याकडची कातरण चालते, मात्र एकाच शीटची. तिला उष्णता जास्त लागते आणि वर दुधट साय येऊ शकते, एवढं धरूनच चालायचं.

खरी कसोटी त्यानंतर, थंड करण्यात. ओतकामाच्या काचा साधारण 480 ते 520 अंशांच्या आसपास बराच वेळ एकाच तापमानाला ठेवाव्या लागतात, म्हणजे आतला ताण निघून जातो. मग हळूहळू उतरवायचं. जाडी दुप्पट झाली की उतरण्याचा वेग चौथाईवर आणायचा. इंचभर जाड पाटी अर्ध्या-पाऊण दिवसात निघते, चार इंचाला जवळजवळ आठवडा. आणि आठवडाभर अखंड वीज, तीही आपल्याकडे! भट्टीचं तापमान सांभाळणारा कंट्रोलर असा घ्या, की वीज आल्यावर जिथं थांबला तिथून पुढं चालू होईल, भट्टीला विटांचा जाड थर द्या. 2019 चा पूर पाहिल्यापासून ऑगस्टमध्ये मी जाड काम लावत नाही.

सिलिकाच्या धुळीबद्दल मी कुणाचंही ऐकून घेत नाही. ती फुप्फुसात बसली की निघत नाही, सिलिकोसिस होतो. एन-95 मास्क, ओल्या फडक्यानं पुसणं, झाडू बंद. घासकामही पाण्यातच: जाड दाण्यापासून सुरू करून बारीक दाण्यापर्यंत, शेवटी सेरियम ऑक्साइडची पॉलिश. हे दिवसच्या दिवस चालतं आणि कंटाळवाणं आहे.

पदवी हवी असेल तर अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, सिरॅमिक आणि काच डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. प्रेरणा हवी असेल तर झेक जोडपं स्तानिस्लाव लिबेन्स्की आणि यारोस्लावा ब्रिख्तोवा यांची कामं बघा. तो चित्र काढायचा, ती मातीत घडवायची, मग ते काचेत उतरायचं. काचेच्या जाडीनुसार रंग गडद-फिका होतो, याचा इतका विचार करणारं दुसरं कुणी मला ठाऊक नाही.

पोट मात्र सुरुवातीला ट्रॉफ्या आणि सन्मानचिन्हांवर चालतं. पुण्या-मुंबईचे आर्किटेक्ट भिंतीचं काम देतात, तेही ओळख झाल्यावर. त्यात कमीपणा मानू नका, ट्रॉफीतही साचा तोच लागतो. पहिलं काम तळहाताएवढं, उथळ, वरून उघड्या साच्यातलं घ्या, इंचापेक्षा कमी जाडीचं. पंधरा अँपिअरच्या घरगुती जोडणीवर चालणारी छोटी भट्टी त्याला पुरते.