फोटो पाहून माणूस काढताना

दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतं, "ताई, फाइन आर्ट्सची तयारी करायची आहे, पण घरी मॉडेल कुठून आणू?" फोटो पाहून काढ, असं मी सांगते. काही मास्तर हे ऐकून नाक मुरडतात. मी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या दोन खोल्यांत अशीच शिकले, पुढे इथल्या फाइन आर्ट्सच्या फॅकल्टीत पेंटिंग केलं, आता मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, आणि फोटो अजून सुटलेला नाही. माझी अट एकच: फोटो शक्यतो स्वतः काढलेला हवा. १८५४ साली फ्रेंच चित्रकार देलाक्रवानं स्वतः पोझ ठरवून द्युरिय नावाच्या छायाचित्रकाराकडून मॉडेलचे फोटो काढवून घेतले आणि त्यांवरून रेखाटनं केली. फोटो निघत होता तेव्हा तो तिथं हजर होता, आणि सगळा फरक तिथेच पडतो. माणूस किती अंतरावर होता, उजेड कुठून येत होता, पाय का दुमडला होता, हे माहीत असलं की फोटोतला अंधारा भागही वाचता येतो.

आता फोन कसा धरायचा ते. फोनची साधी लेन्स बरीच वाइड असते. जवळून फोटो घेतला तर नाक फुगतं, आणि समोर मांडी घालून बसलेल्या माणसाचे गुडघे भोपळ्याएवढे होतात. तीन-चार मीटर मागे जा आणि दुप्पट झूम करा. आमच्या जुन्या घरांत एवढी लांबी मिळत नाही. मग गच्ची किंवा चौक गाठायचा. उभ्या माणसासाठी फोन त्याच्या बेंबीच्या उंचीवर, सरळ धरायचा. आपल्या डोळ्यांपाशी धरून खाली कलवला की पाय आखूड येतात आणि डोकं मोठं. ट्यूबलाइट बंद, फ्लॅश तर नकोच, एकाच खिडकीचा उजेड बाजूनं येऊ द्यायचा. ब्यूटी फिल्टर आधी बंद करा. तो गालाचं हाडच पुसून टाकतो. आणि पावलं चौकटीत आलीच पाहिजेत. पावलं नसली की माणूस कशावर उभा आहे तेच कळत नाही.

फोटोच्या आधी एक कच्चं स्केच समोरच्या माणसावरूनच करायचं. यात मला सूट मान्य नाही.

माझी हक्काची मॉडेल म्हणजे मावशी.

"मावशी, एका पायावर भार देऊन उभी राहा ना. हात कमरेवर."

"किती वेळ? कुकर लावलाय गं."

"दोन शिट्ट्या होईपर्यंत."

पहिल्या शिट्टीपर्यंत स्केच, दुसरीच्या आत समोरून, तिरका आणि बाजूनं असे तीन फोटो. भार असलेल्या पायाकडची कंबर वर चढते, त्याच बाजूचा खांदा खाली येतो. पुस्तकात हे मी वाचलेलं होतं. पण मावशी नेसलेली सहावारी, कंबर दिसणार कशी? "तुझं कमरेचं हाड कुठंय?" असं विचारल्यावर तिनं निऱ्यांच्या बाजूला बोट ठेवलं. साडीच्या सगळ्या तिरक्या चुण्या तिथूनच निघत होत्या. फोटोत त्याच चुण्या नुसत्या काळ्या रेघा दिसतात. बोट पाहिलेलं होतं म्हणून त्यांतली कुठली रेघ हाडावरून येते आणि कुठली नुसती कापडाची, ते ठरवता आलं.

नंतर टेबलावर बसल्यावर फोटोवर बटर पेपर ठेवा. बाहेरची कड गिरवू नका. गळ्याची खाच, खांद्यांची टोकं, कमरेची दोन हाडं, गुडघे, घोटे, एवढेच ठिपके द्या. गळ्याच्या खाचेतून ओळंबा सोडल्यासारखी उभी रेघ मारा. एका पायावर भार असेल तर ती त्याच पावलाच्या आसपास उतरते. तशी उतरली नाही तर आपला माणूस पडायला आलेला दिसणार. शरीराची निम्मी उंची बेंबीपाशी भरते असं बऱ्याच जणांना वाटतं. ती बरीच खाली, जांघेच्या हाडापाशी भरते. मोठा माणूस साधारण साडेसात डोक्यांचा असतो (चित्रकलेच्या पुस्तकांतला देखणा पुरुष आठ डोक्यांचा), चार-पाच वर्षांचं मूल जेमतेम पाच. एवढं झालं की फोटो पालथा घाला आणि आठवणीनं काढा. महाराष्ट्रात फाइन आर्ट्सची सीईटी देणार असाल तर मेमरी ड्रॉइंगचा पेपर असतोच, तिथं फोन कोणी देणार नाही.

चौकोन आखून फोटो मोठा करण्याला माझा विरोध नाही. हार घातलेल्या आजोबांचं पोर्ट्रेट करून द्या म्हणून लोक येतात, तेव्हा मीही चौकोनच आखते. पैसे मिळतात आणि नाक चुकत नाही. पण शिकण्याच्या हिशेबात ते काम धरू नका.

हालचालीचे फोटो ही वेगळी डोकेदुखी. नवरात्रात गरब्याचे बर्स्टमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ एक, फोटो घ्या आणि एकेक फ्रेम पाहा. टाळी देताना मधेच गोठलेली बाई लंगडल्यासारखी दिसते. हात झोक्याच्या टोकाला पोचला आणि घागऱ्याचा घेर अजून मागे राहिलाय, ती फ्रेम निवडायची. मायब्रिज या छायाचित्रकारानं १८८७ साली माणसांच्या आणि जनावरांच्या हालचालींची ७८१ फोटोपत्रकं छापली. ती आता हक्कमुक्त आहेत, कुणीही वापरावीत. चालणं, जिना उतरणं, उडी, सगळं टप्प्याटप्प्यानं मिळतं. उघड्या अंगाचे स्नायू पाहायला मात्र आपलं बडोदं बरं. माणिकरावांच्या आखाड्याचं हे गाव, मल्लखांबावरची पाठ इथं समोर बघायला मिळते. आधी वस्तादांना विचारा, मग फोन काढा. मुलं सराव करत असतील तर फोटो नकोच, वही पुरे.

नेटवरच्या मॉडेलांचे फोटो मी नवख्यांना देत नाही. कंबर घासून बारीक केलेली, पाय ओढून लांब केलेले, आणि तेच प्रमाण डोळ्यांत बसतं. घरच्या वहीत काढलं तर कुणी अडवणार नाही, पण स्पर्धेला किंवा विक्रीला ठेवायचं तर फोटो काढणाऱ्याची परवानगी हवी. आपल्याकडे छायाचित्रावरचा हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो.

फोनच्या पडद्यावरून काढू नका, मोठं करून पापण्या मोजायचा मोह होतो. दुकानातून ए-फोर काळी-पांढरी प्रिंट घ्या, भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला लावा, दोन पावलं मागं उभं राहून एक-दोन मिनिटांची स्केचेस करा. स्वस्त न्यूजप्रिंट आणि ४बी पेन्सिल चालते. आणि आठवड्यातून एक सकाळ खंडेराव मार्केटला जा. भाजीवाल्या बायका उकिडव्या बसतात, दर अर्ध्या मिनिटाला हलतात, पोझ कोणी देत नाही. घरी आल्यावर त्याच बसणीचा फोटो भावाला उकिडवा बसवून काढा आणि बाजारातल्या स्केचमध्ये गुडघा कुठे चुकला ते त्याच्यावर तपासा.