लायडारच्या नकाशावर तारीख नसते: ख्मेर पुरातत्त्वाकडे वळणाऱ्यांसाठी

अंगकोरच्या, म्हणजे कंबोडियातील ख्मेर राज्याच्या जुन्या राजधानीच्या, अभ्यासाकडे येणारे बरेच जण लायडारच्या ओढीने येतात. मीही तसाच आलो. या तंत्रात हेलिकॉप्टरमधून सोडलेले लेसर किरण पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचतात आणि झाडीवरून परतलेले बिंदू संगणकावर वगळले की उघड्या जमिनीचे चढउतार हाती येतात. २०१२ मध्ये पुरातत्त्वज्ञ डेमियन एव्हान्स व सहकाऱ्यांनी अशा रीतीने सुमारे ३७० चौरस किलोमीटरचे सर्वेक्षण केले, तेव्हा अंगकोरजवळच्या कुलेन डोंगरावरील महेंद्रपर्वत या प्राचीन नगराची आखणी स्पष्ट झाली.

ख्मेर लोकांनी दगड देवांसाठी राखला आणि राजवाडेसुद्धा लाकडाचे बांधले, त्यामुळे वस्तीच्या खुणा म्हणून उंचवटे, तळी आणि बांध एवढेच उरले आहेत. हे सारे लायडार उत्तम टिपते. मात्र नवव्या शतकातील रस्ता आणि चौदाव्या शतकातील बांध त्यात शेजारी शेजारी, एकाच वयाचे असल्यासारखे दिसतात. शिवाय चढउतार छायेने दाखवण्यासाठी संगणकात कल्पिलेला प्रकाश ज्या दिशेने येतो, तिला समांतर असलेले बांध जवळजवळ नाहीसे होतात. म्हणून प्रकाशाची दिशा बदलून तोच भाग पुन्हा पाहण्याची सवय पहिल्यापासून लावून घ्यावी. काळ ठरतो तो उत्खननातील थर, खापरे व कोळसा यांवरून, आणि त्यासाठी जागेवर जावेच लागते. कुलेनवर युद्धकाळातील भूसुरुंगांचा धोका असल्याने स्थानिक वाटाड्याशिवाय पायवाट सोडणे हा निव्वळ मूर्खपणा ठरतो.

शिलालेखांच्या बाबतीत मराठी विद्यार्थ्याला एक सोय आहे: तेथील कालगणना शकाची आहे. स्दोक कोक थोम या ख्मेर देवळातील लेख शके ९७४ चा, म्हणजे इ. स. १०५२ चा असून राजा दुसऱ्या जयवर्मनने महेंद्रपर्वतावर करविलेल्या विधीची हकीकत त्यात येते. तो विधी परंपरेने ८०२ सालचा मानतात. अडीचशे वर्षांनंतर एका पुरोहित घराण्याने आपले मोठेपण सांगण्यासाठी कोरविलेला हा मजकूर लायडारच्या नकाशाइतक्याच सावधपणे वाचला पाहिजे. केवळ संस्कृतवर विसंबूही नये. संस्कृत श्लोकांत मुख्यतः देवांची व राजांची स्तुती असते, तर देवळाचे सेवक, जमिनी आणि तांदळाचा हिशेब बहुधा जुन्या ख्मेर गद्यात असतो. उंचवट्यांवर राहणाऱ्या माणसांची नावे त्या याद्यांतच भेटतात.