इंजिनएक्सला ॲपआर्मरच्या कुंपणात कसं ठेवावं

तुमच्या उबुंटू किंवा डेबियन सर्व्हरवर इंजिनएक्स हा वेबसर्व्हर चालत असेल, तर आधी एक छोटा प्रयोग करा. वेबसाइटच्या मूळ फोल्डरमध्ये, म्हणजे सहसा 'व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएल'मध्ये, 'टेस्ट.टीएक्सटी' नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे नेणारा दुवा) करा आणि ती 'ईटीसी/एफएसटॅब'कडे वळवा. ब्राउझरमध्ये तो पत्ता उघडा. कुठली डिस्क कुठे जोडली आहे हे सांगणारी सर्व्हरची आतली फाइल समोर दिसेल.

यात इंजिनएक्सचं काही चुकलेलं नाही. ती फाइल मशीनवरच्या कोणालाही वाचता येते आणि सिमलिंक दिसली की तिच्या मागे जायचं, हे त्याचं नेहमीचं वागणं आहे. लिनक्सच्या साध्या परवानग्या फक्त मागणारा वापरकर्ता कोण, एवढंच बघतात. वेबसर्व्हरला एफएसटॅबशी काय घेणंदेणं, हा प्रश्न कोणी विचारतच नाही. तो प्रश्न विचारण्याचं काम मँडेटरी ॲक्सेस कंट्रोल करतं. कुठल्या प्रोग्रॅमने कशाला हात लावायचा, याची यादी कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, असते आणि त्या यादीपुढे रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याचंही चालत नाही.

रेड हॅटच्या घराण्यात हे काम एसईलिनक्स करतं, फाइलींना लेबलं लावून. उबुंटू-डेबियनवर तेच काम ॲपआर्मर करतं. ते फाइलींच्या पाथवर चालतं, म्हणून त्याचं प्रोफाइल, म्हणजे एका प्रोग्रॅमची परवानग्यांची यादी, नुसतं वाचूनही समजतं. ते 2010 मध्ये 2.6.36 या आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्ये आहे आणि 2019 च्या डेबियन 10 पासून डेबियनवरही मुळातच चालू असतं. म्हणजे पहारेकरी तुमच्या दारात आधीच उभा आहे, त्याला इंजिनएक्सबद्दल कोणी काही सांगितलेलं नाही एवढंच. (खाली आज्ञा नागरीत लिहिल्या आहेत; टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत द्यायच्या.)

तयारी

'एए-स्टेटस' चालवा. कोणती प्रोफाइलं लागू आहेत ते कळेल. त्यात इंजिनएक्स नसेल तर 'ॲपआर्मर-युटिल्स' आणि 'ऑडिटडी' ही दोन पॅकेजं टाका. दुसरं टाळू नका. ते नसेल तर नोंदी कर्नलच्या सामान्य लॉगमध्ये जातात, गर्दी झाली की त्यातल्या काही गळतात आणि प्रोफाइल अर्धवट बनतं. सर्व्हर दूर असेल तर सराव इंजिनएक्सवरच करा, एसएसएचडीवर (दुरून लॉगिन करू देणाऱ्या सेवेवर) नको. वेबसाइट बंद पडली तर आत जाऊन सुरू करता येते, पण आत जायचा रस्ताच बंद झाला तर हात बांधले जातात.

शिकवणं

आधी इंजिनएक्स थांबवा आणि तयार केलेली सिमलिंक काढून टाका. नाहीतर तीही 'गरज' म्हणून यादीत शिरेल. मग एका खिडकीत इंजिनएक्सच्या पूर्ण पाथसह 'एए-जेनप्रोफ' हे प्रोफाइल बनवणारं साधन सुरू करा आणि दुसऱ्या खिडकीतून इंजिनएक्स पुन्हा चालू करा. आता त्याच्याकडून रोजची सगळी कामं करून घ्या. पानं उघडा, चित्रं मागवा, नसलेलं पान मागून चूक घडवा, रीलोड करा, एचटीटीपीएस असेल तर तेही वापरा. झालं की पहिल्या खिडकीत 'एस' दाबा.

एकेक प्रश्न येऊ लागेल. इथे घाई करू नका, प्रोफाइलची सगळी किंमत याच उत्तरांत आहे. वापरकर्त्यांची नावं किंवा डीएनएस शोधण्याच्या फाइली आल्या तर 'नेमसर्व्हिस' हा तयार नियमसंच घ्या. 80 नंबरच्या पोर्टसाठी 'नेट बाइंड सर्व्हिस' ही परवानगी द्या. मुख्य प्रक्रिया रूटने सुरू होते आणि कामकरी प्रक्रिया साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालतात, म्हणून वापरकर्ता आणि गट बदलू देणाऱ्या 'सेटयूआयडी' आणि 'सेटजीआयडी' लागतात. 'डॅक ओव्हरराइड' (फाइलींच्या साध्या परवानग्या ओलांडण्याची मुभा) हे नाव बघून दचकायला होतं, पण त्यालाही कारण आहे. लॉगच्या फाइली 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या साध्या वापरकर्त्याच्या मालकीच्या असतात आणि त्या उघडतो मात्र रूट.

पाथ सैल करताना एक तारा आणि दोन तारे यांतला फरक लक्षात ठेवा. एक तारा त्याच फोल्डरपुरता, दोन तारे म्हणजे खालचं सगळं झाड. 'ईटीसी/एनजीआयएनएक्स'खाली दोन तारे ठीक, पण अख्ख्या 'ईटीसी'खाली दिलेत तर कुंपण घातलं न घातलं सारखंच.

सगळ्यात जास्त जपायचं ते लेट्स एन्क्रिप्टकडून मिळणाऱ्या एचटीटीपीएसच्या प्रमाणपत्रांना. इंजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये आपण 'लाइव्ह' फोल्डरमधला पाथ देतो, पण तिथे असतात फक्त सिमलिंका. ॲपआर्मर मागच्या खऱ्या फाइलीचा पाथ तपासतं आणि ती 'आर्काइव्ह' फोल्डरमध्ये, 'फुलचेन1' अशा आकडा लावलेल्या नावाने असते. जेनप्रोफ तुम्हाला नेमकं हेच नाव विचारेल. तसंच 'हो' म्हटलंत तर आज सगळं सुरळीत चालेल. नूतनीकरण झालं की फाइल 'फुलचेन2' होते, रीलोड फसतो, इंजिनएक्स गुपचूप जुन्या प्रमाणपत्रावर चालत राहतं आणि त्याची मुदत संपली की लोकांना ब्राउझरची भीतीदायक सूचना दिसते. म्हणून आकड्याच्या जागी तारा टाका. खासगी किल्लीच्या फाइलीलाही तोच नियम.

उत्तरं देऊन झाली की जतन करा आणि 'एफ' दाबून बाहेर या.

आठवडाभर नुसती नोंद

बाहेर पडताना जेनप्रोफ प्रोफाइल सक्तीने लागू करून जातं. तेवढ्यावर विसंबू नका, 'एए-कम्प्लेन' देऊन त्याला तक्रार-मोडमध्ये आणा. या मोडमध्ये यादीबाहेरचं काम अडत नाही, फक्त नोंदलं जातं. तुम्ही स्पष्ट 'डिनाय' लिहिलं असेल तर ते मात्र इथेही अडतं. किमान एक आठवडा जाऊ द्या. लॉग बदलणं रात्री होतं, बॅकअप आठवड्यातून एकदा, आणि अर्ध्या तासाच्या चाचणीत यातलं काहीच दिसत नाही. मधूनमधून 'एए-लॉगप्रोफ' चालवा. तो नवे प्रश्न विचारेल. एखादी मागणी का आली ते कळलं नाही, तर आधी शोधा, मग परवानगी द्या.

लागू करणं

'एए-एन्फोर्स' द्या आणि इंजिनएक्स रीस्टार्ट करा. रीलोड पुरत नाही. प्रोफाइल चिकटतं ते प्रोग्रॅम नव्याने सुरू होताना, आणि रीलोडमध्ये जुनीच मुख्य प्रक्रिया नव्या कामकऱ्यांना जन्म देते. खात्रीसाठी 'पीएस ऑक्सझेड' चालवा. इंजिनएक्सच्या प्रत्येक ओळीपुढे प्रोफाइलचं नाव आणि कंसात 'एन्फोर्स' दिसलं पाहिजे. 'अनकन्फाइन्ड' दिसलं तर रीस्टार्ट झालेलंच नाही.

आता ती सिमलिंक पुन्हा तयार करा आणि तोच पत्ता उघडा. 403, म्हणजे 'परवानगी नाही', येईल. 'व्हार/लॉग/ऑडिट'मधल्या लॉगमध्ये एक नवी ओळ असेल: 'डिनाइड', क्रिया 'ओपन', फाइल 'ईटीसी/एफएसटॅब', मागितलेली परवानगी 'आर', म्हणजे वाचण्याची. हाच प्रयोग 'ईटीसी/पासडब्ल्यूडी' या वापरकर्त्यांच्या यादीच्या फाइलीवर केलात तर ती अजूनही दिसेल, कारण नेमसर्व्हिसच्या नियमसंचात तिला परवानगी आहे. ते खुपत असेल तर प्रोफाइलमधला तो संच काढून लागतील तेवढ्याच ओळी हाताने लिहा. मी तसंच करतो.

चाचणी झाली की सिमलिंक पुसा. पुढे नवं मॉड्यूल टाकलं, वेबसाइट दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली आणि अचानक 403 दिसू लागला, तर ॲपआर्मर बंद करण्याआधी तीच 'डिनाइड'ची ओळ वाचा. कोणती फाइल अडली ते तिथे पूर्ण पाथसकट लिहिलेलं असतं.