तोंड वाकडे झाल्यावर होणाऱ्या चुका: पहिले तीन दिवस मालिशीत घालवू नका

तासगाव तालुक्यात 22 वर्षे दवाखाना चालवताना ‘वारं लागलंय, उतरंल आपसूक’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की आता ते कानावर पडताच मी प्रथम तोंड कोणत्या दिवशी वाकडे झाले ते विचारतो. चेहऱ्याच्या सातव्या मज्जातंतूला सूज येऊन होणाऱ्या या लकव्यात, म्हणजे बेल्स पाल्सीत, प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारे स्टेरॉइड 72 तासांच्या आत सुरू करावे लागते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधील चाचणीत 25 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, असे 10 दिवस ते घेतलेल्यांपैकी 94 टक्के रुग्ण 9 महिन्यांत पूर्ण बरे झाले. न घेतलेल्यांत हे प्रमाण 82 टक्के होते. आपोआप बरे होणारे पुष्कळ असतात हे खरे, परंतु आपण त्यांच्यापैकी आहोत की नाही, हे पहिल्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही.

एका द्राक्ष बागायतदाराच्या तोंडातून सकाळी चूळ भरताना पाणी एका बाजूने ओघळले. ऐन काढणीचे दिवस असल्याने गावातच मालिश सुरू झाली आणि ते माझ्याकडे आले अकराव्या दिवशी, तेही डोळा लाल झाला म्हणून. पापणी मिटत नसल्याने बुबुळ कोरडे पडून त्यावर जखम झाली होती. त्याच दुपारी त्यांना मिरजेला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. डोळा वाचला, पण आजही ते हसले की त्या बाजूचा डोळा आपोआप मिटतो.

तेव्हापासून मी गोळीच्याही आधी डोळ्याचे लिहितो: दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पापणी मिटवून वरून कागदी चिकटपट्टी. ती घरच्या माणसाकडून माझ्यासमोर लावून घेतो, कारण उघड्या डोळ्यावर चिकटली तर बुबुळच खरचटते.

नुसत्या विषाणूविरोधी गोळ्यांनी भागत नाही. बी-12ची इंजेक्शने स्टेरॉइडची जागा घेत नाहीत. मात्र कानात फोड आले असतील तर ती नागीण असू शकते आणि तेथे विषाणूविरोधी औषधही लागते.

तोंड वाकडे असूनही कपाळाला दोन्ही बाजूंनी आठ्या पडत असतील, किंवा हातातला जोर गेला असेल, तर तो मेंदूचा झटका समजून सरळ मोठे रुग्णालय गाठावे.

दुकानातून परस्पर स्टेरॉइड घेण्याची घाई मला सर्वांत खटकते. मधुमेही रुग्णांची साखर या गोळ्यांनी वाढते, म्हणून मी ती रोज तपासायला लावतो; आणि तिसऱ्या दिवशी चेहरा हलला नाही म्हणून गोळ्या सोडू पाहणाऱ्यांना स्पष्ट सांगतो, की हालचाल परतू लागायला बहुधा दोन-तीन आठवडे जातात.