हौशी फुटबॉल क्लबचा इतिहास लिहिताना

खानदेशातील एखाद्या हौशी फुटबॉल क्लबचा इतिहास लिहायला घेतला की पहिला वाद स्थापनेच्या वर्षावरून होतो. मुले मैदानावर जमून खेळू लागली ते वर्ष आणि संस्था नोंदली गेली ते वर्ष सहसा वेगवेगळे असते. म्हणून दोन्ही स्वतंत्रपणे नोंदवावीत.

नोंदणीचे वर्ष कागदावरून ठरते. क्लब १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली किंवा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेला असल्यास धर्मादाय कार्यालयात संस्थेची घटना, शेड्यूल १ चा (विश्वस्त संस्थांच्या सरकारी नोंदवहीचा) उतारा आणि पदाधिकारी बदलल्याचे चेंज रिपोर्ट यांच्या प्रमाणित प्रतींसाठी अर्ज करावा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला, तेव्हा तेथील क्लबचे त्यापूर्वीचे कागद धुळ्याच्या नावाने शोधावे लागतात. त्याहून जुन्या कागदांवर पूर्व खानदेश (आजचा जळगाव) व पश्चिम खानदेश (आजचे धुळे-नंदुरबार) अशीच जिल्ह्यांची नावे आढळतील. महाविद्यालयीन संघाच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवावे: उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झाले, त्याआधीच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या नोंदींचा माग पुणे विद्यापीठाकडे काढावा.

खेळ सुरू झाल्याचे वर्ष मात्र माणसांकडूनच काढावे लागते, आणि खरे कष्ट येथेच आहेत. ज्येष्ठ खेळाडूला ‘कोणत्या साली?’ असे थेट विचारल्यास तो बहुधा पाच-दहा वर्षे इकडेतिकडे करतो. त्याऐवजी तेव्हा तुम्ही कितवीत होता, भुसावळला जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) होती की तिची मध्य रेल्वे झाली होती (हा बदल १९५१ चा), महाराष्ट्र राज्य झाले होते का, बहात्तरचा दुष्काळ पडून गेला होता का, असे विचारावे. ‘आम्ही अनवाणी खेळायचो’ एवढ्यावरून काळ ठरवू नये. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी उतरले होते हे खरे असले, तरी हौशी खेळाडूकडे बूट असणे वा नसणे हा काळापेक्षा ऐपतीचा प्रश्न होता. मुलाखत अहिराणीत, लेवा बोलीत किंवा रेल्वे वसाहतीतील हिंदीत होऊ द्यावी, ध्वनिमुद्रित करावी आणि नेमके बोल तसेच उतरवावेत; प्रमाण मराठीत घोटले की माणूस हरवतो.

भुसावळच्या संघांत एखादा उत्तम खेळाडू अचानक दिसेनासा झाला, तर तो क्लब सोडून गेला असे गृहीत धरू नये. रेल्वेच्या नोकरीत मनमाड, इगतपुरी किंवा नागपूरला बदली झाली होती का, हे आधी पाहावे.

ढाली व करंडकांवर कोरलेली वर्षे उपयोगी असतात, परंतु ढाल उशिरा कोरून घेतलेली असू शकते, म्हणून त्या सामन्याची बातमी स्थानिक दैनिकाच्या जुन्या फायलीत ताडून पाहावी. हरलेले सामनेही लिहावेत.

छायाचित्रे दोन्ही बाजूंनी स्कॅन करावीत, कारण पाठीमागे स्टुडिओचा शिक्का किंवा तारीख सापडते. मूळ प्रतीवर पेनाने काहीही लिहू नये. झेरॉक्सवर डावीकडून उजवीकडे क्रमांक टाकून नावे किमान दोन वेगवेगळ्या व्यक्तींकडून, एकमेकांसमोर न बसवता, विचारावीत, आणि जेथे दोघांचे जुळत नाही तेथे दोन्ही नावे प्रश्नचिन्हासह छापावीत.