गावातल्या माजी सैनिकांच्या आठवणी कशा नोंदवाव्यात

१९६२, १९६५, १९७१, श्रीलंकेतली शांतिसेना, कारगिल अशी लढाईनिहाय यादी करा. १९७१ मध्ये विशीत असलेला जवान आज पंच्याहत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. सर्वांत थकलेल्या माणसाकडे आधी जा.

खरी कसोटी बोलतं करण्याची. सत्काराच्या स्टेजवर माईक धरला की भाषण मिळतं, आठवण मिळत नाही. ओसरीवरच बसा. "युद्धात काय झालं?" हा पहिला प्रश्न नकोच; "किती मारले?" तर कधीच नको. आधी ट्रंक उघडायला सांगा. मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. कडेवरून बोट फिरवत ते मोठ्यानं वाचू द्या. नंबरामागून कंपनी येते, कंपनीमागून सोबतचे जवान. मग विचारा, "काकाजी, पलटणीत पहिल्या दिवशी जेवाले काय होतं?" "५६ एपीओवर घरचं पत्र किती दिवसांनी भेटे?" (एपीओ म्हणजे सैन्याचं टपाल कार्यालय.)

ते थांबले की तुम्हीही थांबा. घाईनं पुढचा प्रश्न टाकला की आतून वर येत असलेली गोष्ट परत खाली जाते. नातू मधेच उत्तर देतो, त्याला आधीच समजावून ठेवा. साल चुकलं तरी टोकू नका; डिस्चार्ज बुक (निवृत्तीवेळी मिळालेली सेवेची नोंद) पाहून नंतर टीप जोडा. गळा दाटला तर रेकॉर्डिंग बंद करून चहा घ्या. एक बैठक पाऊण तासाचीच, अशा दोन-तीन.

त्यांच्या घरच्या बाईंची बैठक वेगळी घ्या. नवरा सीमेवर असताना शेत कोणी वाहिलं, तार आली की काय वाटे, हे नवऱ्यासमोर त्या सांगत नाहीत.

फोन विमान मोडवर, माणसापासून हातभर अंतरावर. उन्हाळ्यात कूलर चालू असेल तर आवाज वाया गेलाच समजा. त्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीतली सकाळ धरा.

रेकॉर्डिंग कागदावर उतरवताना त्यांची वऱ्हाडी बोली वऱ्हाडीच राहू द्या. "जेवाले"चं "जेवायला" केलं की माणूस दुसराच होतो.

जुन्या फोटोंना लॅमिनेशन करू नका. उष्णतेनं फोटो बिघडतो आणि प्लास्टिक पुन्हा निघत नाही. स्कॅन ६०० डीपीआयवर करा. मेडल चिंचेनं घासू नका, कोरलेली अक्षरं झिजतात.

प्रती तीन: घरच्यांकडे, वाचनालयात, ऑनलाइन. जाहीर वाचनासाठी १६ डिसेंबर, विजय दिवस चांगला. पण कोणता भाग वाचायचा आणि कोणता घरातच ठेवायचा, हे आधी त्यांना ऐकवून त्यांच्या सहीनिशी ठरवा.