घरमालकाची तक्रार त्याच्या बँकेकडे करावी का?
इंग्लंडमध्ये स्वतः राहण्यासाठी गृहकर्जावर घेतलेले घर बँकेच्या संमतीविना भाड्याने देणे हा सहसा कर्जकराराचा भंग ठरतो. तरीही भाडेकरूने बँकेला कळवण्याची घाई करू नये, कारण बँकेने घराचा ताबा घेतला, तर अशा भाडेकरूलाच बाहेर पडावे लागते आणि २०१०च्या कायद्यानुसार न्यायालयाकडून फार तर दोन महिन्यांची मुदत मिळते. दुरुस्ती रखडली असेल, तर स्थानिक कौन्सिलकडे जाणेच योग्य. अनामत रक्कम ३० दिवसांत अधिकृत योजनेत सुरक्षित केली नसेल, तर न्यायालय तिच्या तिप्पट रकमेपर्यंत दंड भाडेकरूला देववू शकते. ‘भाडेकरू किंवा रहिवासी’ अशा नावाने आलेले पत्र मात्र अवश्य उघडावे. ते ताब्याच्या कारवाईचे असल्यास बँकेकडे तत्काळ लेखी मुदत मागावी.